बांधावरून पाहिलेली शेती

१८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे एक इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात आले. येथील शेती सुधारण्याचा मार्ग सरकारला सुचवणे, हे त्यांचे काम होते. ते गावोगाव हिंडले, उभी पिके पाहिली, शेतकऱ्यांशी बोलले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या अहवालाचा एक निष्कर्ष लंडनमधील अनेकांना अनपेक्षित वाटला असेल. हिंदुस्थानातील चांगला शेतकरी सामान्य ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत त्याच्यापेक्षा सरस आहे, आणि जेथे तो मागे दिसतो तेथे अडचण अज्ञानाची नसून साधनांच्या अभावाची आहे, असे व्होल्कर यांनी नोंदवले. शिकवायला आलेला माणूस काही प्रमाणात शिकून परत गेला.

ज्ञानाची ही उलटी वाट पुढे आणखीही काहींनी चोखाळली. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हेच आपले खरे प्राध्यापक होते, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. पुढे इंदूरच्या संशोधन संस्थेत त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर कंपोस्ट खताची पद्धत बसवली आणि १९३१ साली दोघांच्या नावाने तिच्यावरचे पुस्तक निघाले. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते. वाड यांचे नाव मात्र मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसते.

‘शेतकऱ्याकडून शिकावे’ हे वाक्य आज सर्वमान्य आहे आणि सर्वमान्य वाक्यांचे जे होते तेच त्याचेही झाले आहे : ते कोणी तपासून पाहत नाही. शेतकऱ्याकडून नेमके काय शिकायचे? एका शेतातले ज्ञान दुसऱ्या शेतात जाते ते कसे, आणि जाताना वाटेत काय गळून पडते? या प्रश्नांची उत्तरे तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा एखाद्या मुलखाच्या इतिहासात शोधावीत, हे बरे. त्यासाठी अहमदनगर जिल्ह्याइतका (२०२४पासून अहिल्यानगर) उपयोगी मुलूख महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल.

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. तेथून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकत पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे यावे, तर तो चार-पाचशे मिलिमीटरांवर येतो आणि तोही भरवशाचा नसतो. एकाच जिल्ह्यात भात आहे, ऊस आहे, बाजरी आहे आणि शाळूही आहे. पाण्याची श्रीमंती आणि पाण्याचे दारिद्र्य एकमेकांच्या शेजारी नांदतात. त्यामुळे पाण्याशी माणसाने केलेले जवळजवळ सर्व व्यवहार येथे, एकाच जिल्ह्याच्या हद्दीत, अभ्यासता येतात.

या जिल्ह्यातील जुनी कोरडवाहू शेती ही अनिश्चिततेशी केलेली तडजोड होती. मृग-आर्द्रात पाऊस झाला तर हलक्या रानात बाजरी पेरायची आणि बाजरीच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास धरायचे. सोबत मटकी, हुलगा, मूग मिसळायचे. भारी काळी जमीन पावसाळाभर कुळवून मोकळी ठेवायची, पाणी तिच्यात मुरू द्यायचे आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास वापसा आला की पाभरीने शाळू पेरायचा. पुढे पाऊस पडला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर तो पीक देतो. बाजरी गेली तर हुलगा राहील, हुलगा गेला तर कडबा तरी हाती येईल, असा हा विचार होता. सर्वांत जास्त उत्पन्न कोणते, हा प्रश्न त्यात दुय्यम होता. वाईटात वाईट वर्षी घरात काय उरेल, हा पहिला. पिके निघाली की धनगरांचे वाडे रानात बसत, मेंढ्यांच्या लेंड्या-मुताने जमीन सकस होई आणि त्या बदल्यात धनगराला धान्य मिळे. शेतकरी आणि मेंढपाळ यांचा हा करार कोणत्याही कागदावर नव्हता.

परंतु या जुन्या शेतीचे गोडवे गाताना एक सावधगिरी बाळगायला हवी. तिच्यात जो संयम दिसतो, तो सगळाच शहाणपणातून आलेला नव्हता. विहिरीचे पाणी मोटेने निघत असे आणि मोटेला बैलांच्या दमाची मर्यादा होती. दिवसभर मोट चालवून जेवढे भिजेल तेवढेच बागाईत. त्यापलीकडे जाण्याची इच्छा असली तरी सोय नव्हती. म्हणजे मर्यादा माणसाच्या मनात कमी आणि साधनात जास्त होती. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या शंभर वर्षांत काय बिघडले, ते समजणे सोपे जाते. तसेच या शेतीने १८७६-७७च्या दुष्काळात माणसे मरण्यापासून वाचवली नाहीत, हेही विसरता येत नाही. त्याआधी, १८७५ साली, सावकारांविरुद्ध पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी उठाव केला, तो अशाच कोरडवाहू गावांमध्ये. ओलीचा हिशेब ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत होता.

या पार्श्वभूमीवर महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा वाचण्यासारखा आहे. हा ग्रंथ आपण सामाजिक शोषणाच्या मीमांसेसाठी वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या शेवटच्या भागात शेतीविषयीच्या ज्या सूचना आहेत, त्या एका प्रत्यक्ष शेती जाणणाऱ्या माणसाच्या आहेत. डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळा आणि गाळ शेतांत मुरावा, पाणी आधी जमिनीत जिरून मग ओढ्या-नद्यांना मिळावे, यासाठी ठिकठिकाणी ताली-बंधारे बांधावेत आणि त्या कामी सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या हातांचा उपयोग करावा, असे फुले सुचवतात. ‘पाणलोट’ हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. कल्पना मात्र हीच होती. ती अमलात यायला शंभर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात सरकारी विज्ञानाने कोरडवाहू शेतीकडे पाहिलेच नाही, असे नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दख्खनमधील दोन गावांचा घरोघर फिरून अभ्यास केला. त्यांपैकी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास, न. वि. कानिटकर यांच्यासह, १९२१ साली प्रसिद्ध झाला. नगर जिल्ह्याच्या सीमेलगतच्या शिरूर तालुक्यातले हे गाव. बहुसंख्य कुटुंबांचा खर्च निव्वळ जमिनीच्या उत्पन्नावर भागत नाही, हे या अभ्यासाने आकड्यांनी दाखवले. पुढे १९३३पासून सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि १९४४ साली कानिटकर यांचा हिंदुस्थानातील कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ आला. बांधबंदिस्ती, पेरणीआधी वारंवार कुळवणी, विरळ पेरणी, कमी बियाणे, वेळेवर कोळपणी, अशा त्यातल्या शिफारशी होत्या. त्या वाचताना एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला आपलेच बोलणे छापून आल्यासारखे वाटावे. उत्पन्नातली वाढ माफक होती आणि खर्च-मेहनत वाढत होती. त्यामुळे या पद्धतीचा फारसा प्रसार झाला नाही. शेतकऱ्याने विज्ञान नाकारले, असा त्याचा अर्थ तेव्हा काढला गेला. वस्तुतः त्याने हिशेब केला होता.

बांधांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९४२च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील दुष्काळी जिल्ह्यांमध्ये समपातळी बांध घालण्याची मोठी मोहीम निघाली. समान उंचीच्या रेषेवर बांध घालायचा, म्हणजे पाणी सर्वत्र सारखे अडते. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काही नाही. पण उंचीची रेषा शेताच्या हद्दी ओळखत नाही. बांध एकाच्या शेतातून तिरका जाई, दोन तुकडे पाडी, औत वळवायला जागा राहत नसे, आणि एकाच्या रानात अडलेल्या पाण्याचा फायदा दुसऱ्याला होई. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी असे बांध नांगरून टाकले किंवा फोडले. हद्दीवर ताल धरण्याची त्यांची स्वतःची पद्धत कमी शास्त्रशुद्ध होती. परंतु ती कोणाच्या मालकीची आणि कोणी दुरुस्त करायची, याबद्दल वाद नव्हता. शेत न पाहता आलेल्या ज्ञानाचे काय होते, ते येथे दिसते.

याउलट, शेत पाहून शिकण्याची सर्वांत यशस्वी घटनाही याच जिल्ह्यातली आहे आणि तिची परिणती सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. ती आहे प्रवरेच्या पाटाची.

भंडारदरा धरणाचे काम १९१०मध्ये सुरू होऊन १९२६मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूरच्या पट्ट्यात बारमाही पाणी आणले. उसाचे पीक शेतकऱ्याला अगदीच अपरिचित नव्हते, गुळाची गुऱ्हाळे होतीच. पण कारखान्यासाठी मोठ्या प्रमाणावर ऊस कसा घ्यावा, हे शेजारच्या कंपनीच्या मळ्यांवरून आणि एकमेकांच्या रानांवरून लोकांनी पाहिले. मग मालकीही आपल्याकडे का नको, असा प्रश्न विचारण्याचे धैर्य लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांनी दाखवले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा पाठिंबा त्यांना लाभला आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. गाडगीळ काही निव्वळ पुस्तकी सल्लागार नव्हते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा शेतीवर काय परिणाम झाला, याची त्यांनी केलेली पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केली होती. आधी शेतांचा अभ्यास, मग कारखान्याचे अध्यक्षपद, असा हा क्रम आहे. अभ्यासकाने ज्यांच्याकडून शिकावे त्यांच्याच कामाला लागावे, याचे इतके नितळ उदाहरण आपल्याकडे फार थोडे आहे.

सहकाराने शेतकऱ्याला पत दिली, शाळा-महाविद्यालये दिली, राजकीय आवाज दिला. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न पाण्याच्या हिशेबाचा आहे. उसाचे तंत्र बांधावरून पाहून एका हंगामात शिकता येते. शेजाऱ्याने किती पाळ्या दिल्या ते दिसते, त्याचा ऊस किती उंच गेला तेही दिसते. पण जमिनीखाली पाण्याची पातळी किती वर आली, क्षार कसे वर चढताहेत, हे बांधावरून दिसत नाही. आणि जेव्हा रानावर पांढरा थर दिसू लागतो, तेव्हा उशीर झालेला असतो. कालव्यांच्या पट्ट्यात चोपण आणि क्षारपड झालेल्या जमिनी हे त्या न दिसलेल्या हिशेबाचे फळ. हा धोका सरकारला ठाऊक नव्हता, असेही नाही. पाटबंधाऱ्याची पद्धत शेतीच्या गरजेशी जुळवण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ सालीच एक विशेष विभाग काढला होता; आज खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे मूळ त्यात आहे. ज्ञान होते, पण ते कार्यालयात होते. तंत्र मात्र शेतात होते.

तंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात आपोआप जाते. मर्यादा आपोआप जात नाही. या जिल्ह्याचा इतिहास आपल्याला काही सांगत असेल, तर ते हेच.

मर्यादाही एका शेतातून दुसरीकडे नेता येते, याचा पुरावा १९७२नंतर मिळाला. त्या वर्षीच्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यात गेले आणि तेथील खडी फोडणाऱ्या माणसांचे जगणे पाहून अस्वस्थ झाले. नायगावच्या देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक, उताराची जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. तेथे ताली धरल्या, पाणी अडवले, पायथ्याला विहीर काढली आणि त्या जमिनीत पीक उभे केले. एवढ्यावर थांबले असते, तर तो एक चांगला मळा ठरला असता. पण त्यांनी त्या प्रयोगातून नियम काढले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. योजनेच्या खर्चाचा एक हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. आणि ऊस लावायचा नाही. हीच ‘पाणी पंचायत’. मोटेच्या काळात जी मर्यादा बैलांच्या दमात होती, ती आता माणसांच्या ठरावात आणावी लागेल, हे साळुंखे यांनी ओळखले होते. विजेच्या मोटारीला दम लागत नाही.

१९७५ साली सैन्यातून परतलेले अण्णा हजारे यांनी पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीत काम सुरू केले, तेव्हा नायगावचा हा प्रयोग त्यांच्यासमोर होता. राळेगणात सरकारने बांधलेला पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नव्हते. लोकांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला, खालच्या विहिरींना पाणी आले आणि तेथून पुढचे सारे घडत गेले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री प्रसिद्ध आहे. त्यातील चार सूत्रे ‘बंदी’ची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राळेगणच्या शिस्तीत सक्तीचा अंश होता, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. पण पाणी अडवण्याइतकेच ते कसे वापरायचे हे ठरवणे महत्त्वाचे, हा धडा राळेगणने घेतला होता.

राळेगणची ख्याती झाल्यावर राज्य शासनाने १९९२ साली आदर्श गाव योजना आखली. त्याआधी, १९८९ साली, नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणाला बिनविरोध सरपंच केले होते. १९९०च्या दशकात हे गाव त्या योजनेत आले. डोंगरउतारावर समपातळी चर, झाडे, पाझर तलाव, सिमेंट बंधारे ही कामे पुष्कळ गावांनी केली. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. आणि दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा : पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, त्यातून माणसांना आणि जनावरांना किती, आणि उरलेल्यात रब्बीला कोणते पीक किती. पाऊस कमी तर पेरा कमी. ज्या गावात दिवसाला जेमतेम १५० लिटर दूध निघत असे, तेथे ते काही हजार लिटरांवर गेले. कारण गवत कापून न्यायचे, चरायला सोडायचे नाही, या नियमाने चारा वाढला. पवार यांना २०२० सालचा पद्मश्री सन्मान मिळाला. परंतु त्या सन्मानापेक्षा ग्रामसभेच्या भिंतीवरचा तो ताळेबंद अधिक शिकण्यासारखा आहे. ज्या गोष्टी बांधावरून दिसत नाहीत, त्या त्याने सर्वांना दिसतील अशा मांडल्या. साऱ्या जिल्ह्याने कालव्याकाठी जे पाहिले नाही, ते या गावाने पाहण्याची व्यवस्था केली.

नायगाव, राळेगण, हिवरे बाजार ही एका शाळेची तीन इयत्ता आहेत. प्रत्येक इयत्तेत आधीच्या शेताकडे पाहून कोणी तरी काही शिकले आणि आपल्या गावाच्या मापाने त्यात बदल केला. नायगावचा माणशी पाण्याचा नियम राळेगण-हिवऱ्यात तसाच आला नाही. ताळेबंदाची कल्पना नायगावात त्या रूपात नव्हती. नक्कल झाली नाही म्हणून शिकणे झाले.

या यशोगाथेची दुसरी बाजूही त्याच जिल्ह्यात नोंदलेली आहे. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३मध्ये त्यासाठी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांमध्ये या कार्यक्रमाने उजाड माळ हिरवे केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे, तर माथ्यावर चराई बंद करावी लागते. माथ्यावर मात्र शेळ्यामेंढ्या चारून जगणारी माणसे असतात आणि पाणी पायथ्याच्या विहिरीत येते. संयमाचा भार एकावर आणि त्याचे फळ दुसऱ्याला, अशी ही विषम विभागणी झाली, की गावात तंटे होतात, ते झालेही. जुन्या व्यवस्थेत रानात वाडा बसवणाऱ्या धनगराचे आणि शेतकऱ्याचे नाते देवाणघेवाणीचे होते. नव्या व्यवस्थेत तो केवळ ‘चराई करणारा’ झाला. तेव्हा मर्यादा कोणी ठरवली आणि ती कोणाच्या पोटावर आली, हा प्रश्न टिकाऊ शेतीच्या प्रत्येक गोष्टीला विचारायलाच हवा. भूमिहीनाला पाण्याचा वाटा देणारा साळुंखे यांचा नियम या दृष्टीने आजही सर्वांत पुढचा आहे आणि सर्वांत कमी अनुसरला गेलेला.

बियाण्याचा इतिहास हेच वेगळ्या रीतीने सांगतो. नगर-सोलापूरच्या भारी रानात आजही ज्या मालदांडी शाळूला भाकरीसाठी आणि कडब्यासाठी मान आहे, तो वाण कोणा प्रयोगशाळेत जन्मला नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून तो सिद्ध केला गेला. शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या केलेल्या निवडीवर शास्त्रज्ञाने आणखी एक निवड केली आणि ती शेतकऱ्याला परत दिली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीसाठी शाळूचे वेगवेगळे वाण दिले. एकाच मुलखात रान बदलले की बियाणे बदलावे, हे जुने जाणतेपण त्यात शास्त्राच्या भाषेत आले. विद्यापीठ आणि शेत यांचे नाते देवाणघेवाणीचे असते, तेव्हा ते किती फलदायी ठरते, हे येथे दिसते.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम याच साखळीतले आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी समाजातील शेतकरी स्त्रीने भात, नाचणी, वरई, वाल, घेवडा, भाजीपाला यांची गावरान बियाणी राखली. बाएफ या संस्थेची साथ मिळाल्यावर त्या संग्रहाची बियाणे बँक झाली. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर प्रेरणादायी स्त्रियांत त्यांचा समावेश केला. २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकऱ्यांत त्याही होत्या. ‘बीजमाता’ हे बिरुद आपण त्यांना भावुकपणे लावतो आणि त्यात एक गफलत होते. बियाणे राखणे हे वात्सल्याइतकेच नोंदीचे आणि निवडीचे काम आहे. कोणत्या वेलाच्या शेंगा बियाण्याला ठेवायच्या, कोणत्या राखेत घालायच्या, कोणते बी कोणत्या उताराला द्यायचे, हा निर्णय दरवर्षी घ्यावा लागतो आणि चुकला तर वाण जातो. हे ज्ञान आहे. ते माजघरात होते म्हणून इतकी वर्षे ज्ञान म्हणून मोजले गेले नाही. शेतकऱ्याकडून शिकावे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेला पुरुष असतो.

आजचे चित्र पाहिले, की तंत्र आणि मर्यादा यांची फारकत पुन्हा ठळक दिसते. शेततळे हे त्याचे उत्तम उदाहरण. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरावे, पिकाला ताण पडला तर एखादे संरक्षित पाणी द्यावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्याचा मोठा प्रसार झाला. पण नगरसह अनेक जिल्ह्यांमध्ये प्लास्टिकचे अस्तर घातलेली मोठमोठी तळी विहिरी आणि बोअरमधून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली जे पाणी सर्वांचे होते, ते वर आणून उन्हात एकाच्या मालकीचे केले जाते आणि त्यातले काही वाफ होऊन जाते. वस्तू तीच, अर्थ अगदी उलटा. शेजाऱ्याच्या शेतातले तळे बांधावरून दिसते. ते कशाने भरायचे नाही, हे दिसत नाही. डाळिंब, द्राक्षे, कांदा यांच्या बाजाराने जे धाडस शेतकऱ्याला करायला लावले, त्याबद्दल त्याला दोष देणेही सोपे आहे. एकट्याने संयम पाळला तर त्याच्या वाटचे पाणी शेजारचा बोअर ओढून नेतो. म्हणून हा प्रश्न एका शेताचा राहत नाही आणि एका शेताच्या अनुभवातून सुटतही नाही.

१९८९ साली, हिवरे बाजारने नवा सरपंच निवडला त्याच वर्षी, इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या निमित्ताने एक नवी पद्धत सुरू झाली. व्याख्यान देण्याऐवजी शेतकऱ्यांनी हंगामभर ठरावीक दिवशी एकाच शेतात जमायचे, किडी आणि त्यांचे शत्रू मोजायचे, चित्र काढायचे, चर्चा करायची आणि मग फवारणीचा निर्णय घ्यायचा. हीच पद्धत आपल्याकडे ‘शेतीशाळा’ या सुंदर नावाने आली आणि कृषी विभाग ती राबवतो. तिचा गाभा आहे मोजणे आणि एकत्र ठरवणे. जेथे शेतीशाळा म्हणजे निविष्ठांची माहिती आणि हजेरीपत्रकावरच्या सह्या असे होते, तेथे शाळा राहते आणि शेती निघून जाते.

आम्ही साहित्याची माणसे. ग्रामीण कादंबरी आणि कविता शिकवताना शेतकऱ्याच्या दुःखावर आम्ही तासन्तास बोलतो. त्याच्या ज्ञानावर फारसे बोलत नाही. वापसा, तास, ताल, चोपण, मोघण हे शब्द आमच्या टिपांमध्ये ‘बोलीतील शब्द’ म्हणून येतात. प्रत्येक शब्दामागे पाहणी, मोजमाप आणि अपयशाचा अनुभव आहे, म्हणजे ते एका शास्त्राची परिभाषा आहेत, हे सांगायचे राहून जाते. शब्द गेला की त्याबरोबर पाहण्याची एक रीत जाते. ज्याला ‘वापसा’ हा शब्द ठाऊक नाही, तो ओली जमीन आणि पेरणीयोग्य जमीन यांत फरक करील कसा?

व्होल्कर यांच्या अहवालाला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. शेतकऱ्याला ज्ञान आहे, साधने नाहीत, असे ते म्हणाले होते. आज साधने आली आहेत : वीज, मोटार, ठिबक, बोअर, अस्तर घातलेले तळे. साधनांतली जुनी मर्यादा त्यांच्याबरोबर गेली. तिच्या जागी नवी मर्यादा आणायची असेल, तर ती ग्रामसभेच्या ताळेबंदातूनच येईल. आणि तो ताळेबंद मांडताना माथ्यावरच्या मेंढपाळाला, भूमिहीनाला आणि बियाणे राखणाऱ्या बाईला खाली बसवून चालणार नाही. चालत्या शेतांकडून शिकायचे ते एवढेच आणि हे सर्वांत अवघड आहे, कारण ते कोणाला बांधावरून पाहून शिकता येत नाही. त्यासाठी बांध ओलांडून एकमेकांच्या शेतात यावे लागते.